‘अंबर’ : एका अरबी विशेषनामाचा अर्थ आणि मराठी अभ्यासाचे उत्तरदायित्व

१.

मराठीच्या अभ्यासात सामान्यनामाला जी प्रतिष्ठा आहे ती विशेषनामाला नाही. एखाद्या बखरीचे संपादन करताना ‘तैनात’, ‘मुतालिक’, ‘कमाविसदार’ अशा शब्दांवर संपादक आवर्जून टीप देतो. त्यांचे मूळ अरबी की फारसी, याची चिकित्सा करतो. त्याच पृष्ठावर येणाऱ्या व्यक्तिनामांची मात्र शेवटच्या सूचीत वर्णानुक्रमे नोंद झाली की त्यांचे काम संपले असे मानले जाते. नाव हे केवळ व्यक्तीचा निर्देश करते, त्याला अर्थ असला तरी तो अभ्यासाच्या दृष्टीने गौण आहे, अशी या व्यवहारामागील गृहीत भूमिका आहे. ही भूमिका किती अपुरी आहे हे दाखविण्यास मराठी इतिहासाला सर्वपरिचित असलेले एकच नाव पुरेसे आहे. ते नाव म्हणजे ‘अंबर’.

निजामशाहीचा कर्ता पुरुष मलिक अंबर (मृत्यू १६२६) याचा उल्लेख शहाजीराजांच्या चरित्रात, शिवपूर्वकालाच्या विवेचनात आणि दख्खनच्या महसूलपद्धतीच्या चर्चेत अपरिहार्यपणे येतो. त्याचे नाव इतके परिचयाचे आहे, की त्याच्या अर्थाविषयी प्रश्नच उद्भवत नाही. उद्भवलाच तर उत्तर हाताशी असते. दिगंबर, पीतांबर, श्वेतांबर, नीलांबर या शब्दांत वाढलेल्या मराठी वाचकाला ‘अंबर’ म्हणजे आकाश किंवा वस्त्र हे कोणी सांगावे लागत नाही. ‘मलिक’ म्हणजे राजा अथवा स्वामी. तेव्हा ‘मलिक अंबर’ म्हणजे आकाशाचा स्वामी, असा अर्थ सहज लावला जातो आणि तो एखाद्या पराक्रमी पुरुषाला शोभूनही दिसतो. अडचण एवढीच, की हा अर्थ सर्वस्वी चुकीचा आहे आणि या चुकीखाली एका माणसाच्या आयुष्यातील पहिली महत्त्वाची घटना झाकली जाते.

२.

मलिक अंबराच्या नावातील ‘अंबर’ हा संस्कृत शब्द नव्हे. तो ऐन, नून, बे, रे या चार वर्णांनी लिहिला जाणारा अरबी शब्द आहे. त्याचे लिखित रूप ‘अन्बर’ असले तरी उच्चार ‘अम्बर’ असा होतो. कारण अरबीत ‘ब’च्या पूर्वी येणारा ‘न्’ उच्चारात ‘म्’ होतो. कुराणपठनाच्या शास्त्रात या नियमाला ‘इक्लाब’ अशी संज्ञा आहे. फारसीतून हा शब्द दख्खनमध्ये आला तेव्हा त्याच्या आरंभीचा कंठ्य ‘ऐन’ लुप्त झाला होता, कारण फारसी उच्चारात त्याला स्थान नाही. उरलेला ‘अम्बर’ देवनागरीत उतरताना अनुस्वाराने लिहिला गेला. येथे एक विलक्षण योगायोग घडला. मराठीतील अनुस्वारही ‘ब’पूर्वी ‘म्’ असाच उच्चारला जातो. म्हणजे अरबी लेखनातील ‘न्’ आणि उच्चारातील ‘म्’ या दोहोंना एकाच बिंदूने सामावून घेतले. लिप्यंतर इतके निर्दोष झाले, की त्यामुळेच शब्दाचे परकेपण नाहीसे झाले आणि तो संस्कृत ‘अंबर’शी एकरूप झाला. परका शब्द अशुद्ध रूपात आला असता तर तो परका म्हणून ओळखला गेला असता.

मराठीत या ध्वनिसमूहाच्या आसपास आणखी दोन आगंतुक शब्द वावरतात. रास, ढीग या अर्थाचा ‘अंबार’ हा फारसी ‘अन्बार’ म्हणजे कोठार या शब्दापासून आलेला आहे. हत्तीवरील ‘अंबारी’ ही अरबी-फारसी ‘अमारी’चे रूपांतर आहे. हे दोन्ही शब्द अरबी ‘अंबर’शी संबंधित नाहीत, आणि संस्कृत ‘अंबर’शीही नाहीत. चार भिन्न कुळांतील शब्द मराठीच्या एका ओसरीवर बसले आहेत. त्यांना एकमेकांचे भाऊबंद समजणे हा व्युत्पत्तीतील प्राथमिक दोष होय.

३.

अरबी ‘अंबर’चा प्रचलित अर्थ एक सुगंधी द्रव्य असा आहे. स्पर्म व्हेल या जातीच्या देवमाशाच्या आतड्यात, त्याने गिळलेल्या माकुलांच्या कठीण चोचींभोवती, हा पदार्थ तयार होतो. तो समुद्रावर तरंगतो, ऊन आणि खारे पाणी यांच्या योगाने पालटतो आणि किनाऱ्याला लागतो. ताजा असताना तो काळा व दुर्गंधी असतो. कालांतराने करडा होतो व त्यास सुगंध येतो. मध्ययुगीन अरब लेखकांना तो कोठून येतो याची निश्चिती नव्हती. समुद्रतळाशी असलेल्या झऱ्यांतून तो निघतो, असेही मानले जाई. मात्र तो कोठे सापडतो हे त्यांना पुरते ठाऊक होते. दहाव्या शतकातील अल्-मसऊदी याने अरबस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावरील शिह्र आणि पूर्व आफ्रिकेचा, म्हणजे ‘जंज’चा किनारा या संदर्भात त्याचे वर्णन केले आहे.

या शब्दाचे अन्य अर्थही अरबी कोशकारांनी नोंदवले आहेत. ‘अंबर’ हे एका प्रचंड माशाचे नाव आहे. पैगंबरांच्या अनुयायांच्या एका उपाशी तुकडीने किनाऱ्यावर आलेल्या अशा माशावर अनेक दिवस गुजराण केल्याची कथा हदीसमध्ये येते. इब्न मंजूरच्या ‘लिसानुल अरब’ या महाकोशात या माशाच्या कातड्यापासून केलेली ढाल असाही अर्थ आढळतो. शिवाय तमीम या सुप्रसिद्ध अरब टोळीची एक शाखा ‘बनू अल्-अंबर’ म्हणजे अंबराचे वंशज म्हणून ओळखली जाई. यावरून हे नाव मुळात केवळ गुलामांचे नव्हते, स्वतंत्र आणि कुलवान अरबांतही ते होते, हे स्पष्ट होते. ही गोष्ट पुढील विवेचनात विसरून चालणार नाही.

या शब्दाचा प्रवास पश्चिमेकडेही झाला. अरबी ‘अंबर’ मध्ययुगीन लॅटिनमध्ये गेला. तेथून तो फ्रेंच, स्पॅनिश आणि इंग्रजी भाषांत पोहोचला. बाल्टिक किनाऱ्यावरील पिवळ्या राळेलाही तेच नाव मिळाल्यामुळे फ्रेंचांना मूळ द्रव्याचा निर्देश ‘करडा अंबर’ असा करावा लागला. ‘अँबरग्रीस’ हा शब्द त्यातून सिद्ध झाला. आज मराठी वृत्तपत्रांत ‘अंबरग्रीस’ अथवा ‘व्हेल माशाची उलटी’ जप्त केल्याच्या वार्ता येतात, कारण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये त्याच्या व्यापारास बंदी आहे. जो शब्द मराठीच्या दारात चारशे वर्षांपासून एका कर्तृत्ववान पुरुषाच्या नावाने उभा आहे, तोच युरोपला वळसा घालून इंग्रजी वेषात परत आला, आणि दोघांची ओळख कोणाला पटली नाही. शब्दांच्या इतिहासाविषयीच्या उदासीनतेचे याहून बोलके उदाहरण शोधावे लागू नये.

४.

आता मूळ प्रश्न असा : हबशाण म्हणजे आजच्या इथिओपियात सुमारे १५४८ मध्ये जन्मलेल्या मुलाला हे अरबी नाव मिळाले कसे? त्याचे मूळ नाव ‘चापू’ होते अशी नोंद मिळते. बालपणी तो गुलामांच्या व्यापारात सापडला, तांबड्या समुद्रावरील मोखा बंदरात विकला गेला आणि पुढे बगदादला पोहोचला. तेथील मीर कासिम या व्यापाऱ्याने त्याला शिक्षण दिले. त्याने इस्लाम स्वीकारला आणि त्याला ‘अंबर’ हे नाव मिळाले, असे सामान्यतः मानले जाते. पुढे निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याने त्याला विकत घेतले. हा चंगीझखानही मूळचा हबशी गुलामच होता.

येथे एका नामकरणपद्धतीचा उलगडा करणे आवश्यक आहे. अरबी परंपरेत पूर्ण नावाचे अनेक घटक असतात : व्यक्तीचे स्वतःचे नाव, अपत्यावरून पडलेले नाव, वंशावळ सांगणारा भाग, उपाधी आणि स्थळ अथवा टोळीचा निर्देश. यांपैकी वंशावळीच्या भागाला सर्वाधिक मान असे, कारण अमुकाचा पुत्र, तमुकाचा नातू या साखळीतच माणसाची सामाजिक ओळख सिद्ध होई. गुलामाला ही साखळी नसते. त्याचा पिता समाजाला अज्ञात असतो, किंबहुना तो अज्ञात राहावा अशीच व्यवस्था असते. धर्मांतरित गुलामाच्या पित्याच्या जागी पुष्कळदा ‘अब्दुल्ला’ म्हणजे ईश्वराचा सेवक असे सर्वसाधारण नाव घातले जाई. उरे ते केवळ स्वतःचे नाव; आणि ते मालक ठेवी.

ही नावे एका विशिष्ट वर्गातून निवडली जात. सुगंधी द्रव्ये : अंबर, काफूर, मिस्क, संदल. रत्ने : याकूत, मर्जान, लुलू, जौहर, अल्मास. सुवासिक वनस्पती : रैहान. शुभसूचक शब्द : मुबारक, मसऊद, सुरूर. या यादीवरून नजर फिरवली तरी भारतीय इतिहासाच्या, विशेषतः दख्खनच्या अभ्यासकाला ओळखीचे चेहरे दिसू लागतात. अल्लाउद्दीन खलजीचा, देवगिरीवर चालून आलेला सरदार मलिक काफूर. सुलताना रझियाच्या दरबारातील हबशी अमीर याकूत. विजापूरच्या इब्राहिम रोझ्याचा स्थपती मलिक संदल. आदिलशाहीतील मलिक रैहान. जंजिऱ्याचा सिद्दी याकूतखान. आणि १६६० मध्ये पन्हाळ्याला वेढा घालणारा सिद्दी जोहर.

यांपैकी शेवटच्या नावाचे उदाहरण मराठी विद्यार्थ्याला विशेष उद्बोधक ठरेल. ‘जौहर’ म्हणजे रत्न. त्याचे अरबी अनेकवचन ‘जवाहिर’. मराठीत ते ‘जवाहीर’ म्हणून रुळले आहे आणि जडजवाहीर या जोडशब्दात नित्य वापरात आहे. म्हणजे सिद्दी जोहराचे नाव हे मराठी ‘जवाहीर’चेच एकवचन होय. परंतु मराठीत रजपूत स्त्रियांचा ‘जोहार’ आहे, संतवाङ्मयातील महारांचा अभिवादनवाचक ‘जोहार’ आहे. या दोहोंच्या गर्दीत जोहराचे रत्नपण हरवले. ‘सिद्दी’ या शब्दाचीही तीच गत. तो ‘सय्यिदी’ म्हणजे ‘माझे स्वामी’ या अरबी संबोधनापासून आला असे सामान्यतः मानतात. मराठी कानाला मात्र तो ‘सिद्धी’चा अपभ्रंश वाटण्याचा संभव अधिक.

५.

या नामकरणपद्धतीचा अर्थ काय लावावा? येथे दोन मते संभवतात आणि दोन्ही विचारार्ह आहेत.

एक मत असे, की ही नावे कौतुकाची आहेत. अंबर, कस्तुरी, कापूर, रत्ने ही त्या काळातील सर्वांत मौल्यवान द्रव्ये. कापूर व कस्तुरी यांचा निर्देश तर कुराणातील स्वर्गवर्णनात येतो. असे नाव देणे हा स्नेहाचाच प्रकार होय. मराठी घरात मुलीचे नाव कस्तुरी किंवा मुलाचे नाव माणिक ठेवले जाते, त्याहून हे वेगळे नाही.

दुसरे मत याच्या उलट आहे. ऑर्लंडो पॅटर्सन या समाजशास्त्रज्ञाने १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात गुलामगिरीला ‘सामाजिक मृत्यू’ म्हटले. जगातील बहुतेक दासव्यवस्थांत गुलामाचे जुने नाव पुसून नवे नाव देणे हा विधीचाच भाग असे, हे त्याने दाखविले. या दृष्टीने पाहता ‘अंबर’ हे नाव मालाच्या यादीतील एक नोंद ठरते. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून अंबर आणि माणसे एकाच सागरी व्यापारमार्गाने अरबस्तानात येत होती. एका मालाचे नाव दुसऱ्या मालाला चिकटले, इतकाच याचा अर्थ.

या नावांत रंगाचा विनोदही आहे, हे दुर्लक्षिता येत नाही. दहाव्या शतकात इजिप्तवर राज्य करणारा काफूर (मृत्यू ९६८) कृष्णवर्णी होता आणि त्याचे नाव शुभ्र कापरावरून होते. अल्-मुतनब्बी या थोर कवीने प्रथम त्याची स्तुती केली आणि अपेक्षाभंग होताच त्याच्यावर अत्यंत जळजळीत उपहासकाव्ये रचली. त्यांत त्याचा वर्ण आणि त्याचे दास्य यांवरच आघात आहेत. ‘अंबर’ या नावात विरोधाभास नाही, सादृश्य आहे. कारण अंबर काळसर असतो. फारसी काव्यात प्रेयसीचा कृष्ण केशकलाप अंबराच्या उपमेने सुगंधित होतो. तोच शब्द हबशी मुलाला लावला की सुगंधाबरोबर वर्णाचा निर्देशही होतो. बादशहा जहांगीर आपल्या आत्मचरित्रात मलिक अंबराचा उल्लेख ‘स्याहरू’ म्हणजे काळतोंड्या अशा शब्दांनी करतो, तेव्हा नावात सुप्त असलेली हीच छटा तो उघडी करतो. त्याच्या दरबारातील अबुल हसन याने काढलेल्या चित्रात जहांगीर मलिक अंबराच्या छिन्न मस्तकावर बाण सोडताना दाखविला आहे. प्रत्यक्षात ते मस्तक त्याच्या हाती कधीच लागले नाही.

तर मग कौतुक खरे की क्रयविक्रय खरा? वस्तुतः या दोहोंत निवड करण्याची आवश्यकता नाही. मौल्यवान वस्तू म्हणून एखाद्यावर प्रेम करणे आणि त्याला वस्तू मानणे या दोन क्रिया एकाच वेळी संभवतात. दासव्यवस्थेचे अंतर्गत सत्यच ते आहे. माणिक नावाच्या मराठी मुलाला बाप, आजोबा आणि कुळ असते. त्याचे नाव त्या साखळीतील एक मणी असते. अंबराच्या नावापाठीमागे साखळी नाही. कौतुकाच्या युक्तिवादातील ही उणीव लक्षात घेतली पाहिजे. फरक नावाच्या अर्थात नाही, नाव ठेवणाऱ्याच्या अधिकारात आहे.

६.

या ठिकाणी ‘मलिक’ या शब्दाकडे वळणे उचित ठरेल. अरबीत मीम, लाम, काफ या धातूपासून ‘मलिक’ म्हणजे राजा, ‘मालिक’ म्हणजे धनी, ‘मुल्क’ म्हणजे राज्य आणि ‘मम्लूक’ म्हणजे ज्याच्यावर दुसऱ्याची मालकी आहे असा गुलाम, हे सर्व शब्द सिद्ध होतात. मराठीतील ‘मालक’ आणि ‘मुलूख’ हे याच कुटुंबातील. एकाच धातूच्या एका टोकाला गुलाम आणि दुसऱ्या टोकाला राजा आहे. जो मुलगा मम्लूक म्हणून विकला गेला तो मलिक झाला; त्याचे आयुष्य या एका धातूच्या दोन रूपांमधील प्रवास आहे. मालकाने दिलेले ‘अंबर’ आणि कर्तृत्वाने मिळविलेले ‘मलिक’ ही दोन पदे शेजारी शेजारी ठेवली, की चरित्राचा आराखडाच समोर येतो. ‘आकाशाचा स्वामी’ हा अर्थ भव्य असला तरी या सत्यापुढे तो निस्तेज आहे.

येथे आणखी एक तपशील महत्त्वाचा आहे. ‘याकूत अल्-हमवी’ (मृत्यू १२२९) हा थोर भूगोलकार मूळचा रूमी म्हणजे ग्रीक वंशाचा गुलाम होता. विद्वान म्हणून प्रतिष्ठा लाभल्यावर त्याने स्वतःला ‘याकूब’ म्हणवून घेतल्याचे चरित्रकार इब्न खल्लिकान नमूद करतो. उच्चारातील अल्प फरकाने रत्नवाचक दासनाम गेले आणि पैगंबराचे नाव आले. परंतु लोकांनी त्याला याकूतच म्हटले. मलिक अंबराने असा प्रयत्न केल्याचे दिसत नाही. निजामशाहीचा सर्वाधिकारी झाल्यावर, राजाला गादीवर बसविण्याचे सामर्थ्य लाभल्यावरही तो अंबरच राहिला. सुमारे १६१० मध्ये त्याने खडकी, म्हणजे पुढचे औरंगाबाद आणि आजचे छत्रपती संभाजीनगर, येथे राजधानी वसवली. तेथे त्याने खेळविलेल्या पाण्याला ‘नहर-ए-अंबरी’ म्हणतात. त्याच्या महसूलपद्धतीला मराठी मुलखाने ‘मलिकंबरी’ म्हटले. मराठीने उपाधी आणि नाव यांचा सांधा जुळवून ‘मलिकंबर’ असे एकजीव रूप घडविले आणि त्याला ‘ई’ प्रत्यय लावून धाऱ्याचे विशेषण केले. ज्या नावामागे वंशावळ नव्हती त्या नावापासून एका भाषेत शब्द जन्मला. गुलामाच्या नावाला मिळालेले हे उत्तर अरबीने दिले नाही, फारसीने दिले नाही. ते मराठी कुणब्याच्या आणि कुलकर्ण्याच्या व्यवहारभाषेने दिले.

भातवडीच्या १६२४ च्या युद्धात या नावाशेजारी आणखी एक अरबी नाव उभे राहिलेले दिसते. मालोजीराजांनी अहमदनगरच्या शहा शरीफ या पीराच्या नवसाने झालेल्या पुत्रांची नावे शहाजी व शरीफजी अशी ठेवली, ही परंपरा सर्वज्ञात आहे. कवींद्र परमानंदाने शिवभारतात भातवडीचे जे वर्णन केले आहे त्यानुसार शरीफजी या युद्धात कामास आले. ते लढले मलिक अंबराच्या बाजूने. ‘शरीफ’ म्हणजे कुलीन, जन्माने प्रतिष्ठित. श्रद्धेने स्वीकारलेले कुलीनतेचे अरबी नाव आणि बाजारात मिळालेले दास्याचे अरबी नाव एकाच फळीत मोगल व आदिलशाही फौजांविरुद्ध लढले. अरबी नावे मराठी प्रदेशात किती भिन्न वाटांनी आली, हे या एका रणभूमीवर एकवटलेले आहे. दोन्ही नावांचा अर्थ ठाऊक नसेल तर हा प्रसंग अर्धाच वाचला जातो.

७.

या विवेचनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा, की मूळ गुलामनाम उघड करण्याने पूज्य अथवा पराक्रमी व्यक्तीचा अवमान होतो. तेव्हा ‘आकाश’ हा अर्थ चुकीचा असला तरी निरुपद्रवी आहे. हा आक्षेप टिकणारा नाही. अवमान विकल्या गेलेल्या मुलाचा होत नाही, विकणाऱ्या व्यवस्थेचा होतो. मलिक अंबराच्या मृत्यूनंतर मोतमिदखान या मोगल इतिहासकाराने, म्हणजे शत्रुपक्षाच्या लेखकाने, एखादा हबशी गुलाम एवढ्या योग्यतेला पोहोचल्याचे दुसरे उदाहरण इतिहासात नाही अशा आशयाची कबुली दिली. दास्याचा उल्लेख वगळला तर या कबुलीचे वजनच नाहीसे होते.

दुसरा आक्षेप विरुद्ध दिशेचा आहे. ‘अंबर’ हे लादलेले नाव असेल तर ते टाकून ‘चापू’ या मूळ नावाचाच पुरस्कार का करू नये? या भूमिकेमागील न्यायबुद्धी आदरणीय आहे, आणि चरित्रात मूळ नावाची नोंद अवश्य झाली पाहिजे. परंतु नावाचा अर्थ ते ठेवले गेले त्या क्षणी कायमचा गोठत नाही. बनू अल्-अंबरच्या टोळीत ते पूर्वजाचे नाव होते, बगदादच्या बाजारात ते मालाचे झाले, खडकीच्या नहरीवर ते निर्मात्याचे झाले. आजही ‘अंबर’ किंवा ‘अंबरीन’ ही नावे उपखंडातील मुस्लिम कुटुंबांत केवळ सुगंधाच्या अर्थाने आनंदाने ठेवली जातात. त्यांवर कोणताही डाग नाही. अर्थाचे हे सर्व थर एकत्र ठेवणे हे अभ्यासकाचे काम आहे. एक थर खरवडून दुसरा उरवणे हे नव्हे.

‘अरबी’ या विशेषणाविषयीही सावध राहावे लागते. ‘काफूर’ हा शब्द अरबीने मध्य-फारसीतून घेतला आणि त्याचे नाते भारतीय ‘कर्पूर’शी आहे; मराठीतील ‘कापूर’ त्याचाच आप्त. ‘संदल’चे मूळ ‘चंदन’. ‘याकूत’ व ‘मर्जान’ यांची मुळे ग्रीकपर्यंत जातात. ‘जौहर’ फारसी ‘गौहर’चे अरबी रूप. देवगिरीवर मलिक काफूर चालून आला तेव्हा भारतातील एक शब्द अरबी वेषात परत आला होता. तेव्हा संस्कृतीकरणाचा मोह जसा टाळावा, तसाच शुद्ध अरबी मूळ शोधण्याचा हट्टही टाळावा.

८.

मराठीच्या अभ्यासपरंपरेत या कामाची साधने नाहीत असे मुळीच नाही. रघुनाथ पंडिताच्या राज्यव्यवहारकोशापासून परकी शब्दांची जाणीव मराठीत सतत जागी आहे. राजवाड्यांनी मराठीतील फारसीच्या प्रमाणाचा प्रश्न गांभीर्याने मांडला; माधव जूलियन यांनी १९२५ मध्ये फार्सी-मराठी कोश सिद्ध केला; कृ. पां. कुलकर्णी यांच्या १९४६ च्या व्युत्पत्तिकोशाने सामान्य शब्दांची वाट उजळली; यू. म. पठाण यांनी फारसी-मराठी अनुबंधाचा पाठपुरावा केला. परंतु या परंपरेचे लक्ष स्वाभाविकपणे शब्दसंपत्तीवर राहिले. राज्यव्यवहारात शब्द बदलता आले, नावे बदलता आली नाहीत. म्हणूनच नावे चर्चेबाहेर राहिली. आज जी उणीव आहे ती मराठी मध्ययुगीन साधनांतील अरबी-फारसी विशेषनामांच्या स्वतंत्र कोशाची.

असा कोश ही एका व्यक्तीच्या आवाक्यातील गोष्ट नाही. ती विद्यापीठीय विभागाने हाती घेण्याची योजना आहे. त्यात प्रत्येक नावाचे मूळ लेखन, उच्चार, अर्थ, मराठी कागदपत्रांतील रूपे आणि ते नाव कोणत्या सामाजिक स्तरात प्रचलित होते याची नोंद असावी. अखेरची बाब सर्वांत महत्त्वाची, कारण ‘शरीफ’ आणि ‘अंबर’ यांतील भेद कोशगत अर्थाने कळत नाही, सामाजिक अर्थाने कळतो. तोवर पदव्युत्तर अभ्यासक्रमात मोडीबरोबर फारसी लिपीचा प्राथमिक परिचय करून देणे आणि बखरींवर प्रबंध लिहिणाऱ्याने व्यक्तिनामांवरही टिपा देणे, एवढी किमान अपेक्षा अवास्तव म्हणता येणार नाही. लिपी येत नसेल तर ‘ऐन’ने आरंभ होणारा अंबर आणि संस्कृत अंबर यांत फरक करण्याचा मार्गच राहत नाही, देवनागरीने दोघांना एकच चेहरा दिला आहे.

खुलताबादेत मलिक अंबराची कबर आहे. त्याच्या नावाचा अर्थ शोधणे म्हणजे त्याला लहान करणे नव्हे आणि मोठे करणेही नव्हे. ज्या भाषेने त्याच्या नावावरून शब्द घडविला, त्या भाषेच्या अभ्यासकाला ते नाव मुळातून वाचता आले पाहिजे, इतकाच या प्रतिपादनाचा आग्रह आहे.